पंचाण्णवचा एफ-१५०: स्पीडोमीटर, ब्रेक आणि फोर व्हील, कामाच्या नोंदी

१४ ऑक्टोबर, शनिवार

गाडी घरी आली. फोर्ड एफ-१५०, १९९५ चं मॉडेल, ४.९ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, पाच गिअर मॅन्युअल, फोर व्हीलचा लिव्हर खाली फ्लोअरवर, बटण नाही. हे इंजिन फोर्डने १९६५ पासून १९९६ पर्यंत बनवलं, त्यामुळे त्याची काळजी मला अजिबात नाही, तेल पाणी दिलं की चालतंच. काळजी बाकीच्या सगळ्याची आहे, कारण गाडीचं सगळं आयुष्य मिशिगनमध्ये गेलंय आणि इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, खालून बघितलं की कुठला बोल्ट आहे आणि कुठला नुसता गंजाचा गोळा ते कळत नाही. या राज्यात दरवर्षी गाडी तपासून घ्यायची भानगड नाही, म्हणून अशा गाड्या अजून रस्त्यावर दिसतात.

तक्रारी लिहून ठेवतो म्हणजे नंतर गोंधळ नको.

स्पीडोमीटरचा काटा ३० च्या पुढे नाचतो, मग शून्यावर पडतो, मग आठवण आल्यासारखा परत उठतो. काटा पडला की ओडोमीटर (किती मैल झाले ते मोजणारा) पण थांबतो, क्रूझ (पाय न देता स्पीड धरून ठेवणारं) लागत नाही. एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा येतो, कधी जातो. ब्रेक हळू दाबत थांबायला आलं की पेडल पायाखाली थरथरतं आणि थोडं खाली जातं. सकाळी गाडी थंड असताना पहिल्या एक-दोन ब्रेकला मागचं एक चाक एकदम धरतं. आणि फोर व्हीलला टाकली की दिवा लागतो पण पुढची चाकं ओढत नाहीत.

आधीच्या मालकाने गाडीबरोबर एक खोकं दिलंय. त्यात ब्रेकचं प्रेशर तयार करणारा जुना मास्टर सिलिंडर (नवीन बसवलाय, चकाचक दिसतोय), जुनं मीटर (त्याच्या जागी भंगारातून आणलेलं दुसरं बसवलंय), आणि बिलं. म्हणजे बिचाऱ्याने काटा नाचतो म्हणून मीटर बदललं, पेडल खाली जातं म्हणून मास्टर सिलिंडर बदलला, आणि दोन्ही रोग जागच्या जागी. पार्ट आणायच्या आधी मल्टिमीटर लावून मोजायला काय होतं लोकांना.

१५ ऑक्टोबर, रविवार

आज पाना हातात घेतलाच नाही, नुसतं वायरिंगचं पुस्तक आणि मल्टिमीटर.

आपल्याकडच्या जुन्या जीपला, कमांडरला गिअरबॉक्सच्या मागून केबल निघते आणि ती मीटरमध्ये जाते, काटा नाचला की केबल सुकली, ग्रीस मारा, विषय संपला. या गाडीत केबलच नाहीये. १९९२ पासून या ट्रकमध्ये मागच्या हाऊसिंगच्या (मागच्या एक्सलच्या मधल्या लोखंडी डब्याच्या) डोक्यावर एक सेन्सर बसवलाय, आत क्राऊनच्या (चाकं फिरवणाऱ्या मोठ्या गिअरच्या) शेजारी दाते असलेली एक रिंग फिरते, प्रत्येक दाता सेन्सरच्या चुंबकासमोरून गेला की बारीकसा एसी करंट तयार होतो. तो सिग्नल दोन ठिकाणी जातो. एक डॅशबोर्डमधल्या मीटरच्या मॉड्यूलकडे, जे स्पीड आणि मैल दाखवतं आणि पुढे क्रूझला आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला पण स्पीड कळवतं. दुसरा एबीएसच्या मॉड्यूलकडे. आणि एबीएस या गाडीत फक्त मागच्या चाकांना आहे, दोन्ही चाकांना मिळून एकच सेन्सर, एकच व्हॉल्व्ह.

म्हणजे बघा, काटा नाचतो, क्रूझ नाही, पिवळा दिवा आणि पेडलची थरथर, ह्या चार तक्रारी एकाच दोन वायरींच्या सेन्सरवरून जातात. एबीएसला चालत्या गाडीत अचानक स्पीड शून्य दिसला तर तो काय समजणार, मागची चाकं लॉक झाली. मग तो इमानदारीत मागचं प्रेशर सोडतो, आणि ते पायाला थरथर म्हणून लागतं. मास्टर सिलिंडरचा यात काय दोष.

तपासायला दोन गोष्टी केल्या. एबीएसच्या टेस्ट वायरला क्षणभर अर्थिंग दिलं (बॉडीला टेकवली) आणि दिव्याचे ब्लिंक मोजले, शेवटचा लांब ब्लिंक धरून मोजायचे. सहा आले. सहा म्हणजे सेन्सरचा सिग्नल मधेच तुटतो मधेच येतो. नंतर एबीएसचा फ्यूज काढून गल्लीत चक्कर मारली. थरथर गायब! पण मागचं चाक धरतं ते धरतंच. म्हणजे ब्रेकचे रोग दोन आहेत, एक विजेचा आणि एक ड्रमच्या आतला, आणि ते वेगळे काढता आले ह्यातच अर्धं काम झालं.

२१ ऑक्टोबर, शनिवार

गाडीखाली. सेन्सरचा कनेक्टर काढला तर आत हिरवट पांढरी बुरशी, तांब्याची. सेन्सरच्या दोन पिनांवर ओहम मोजले, पुस्तकात ९०० ते २५०० सांगितलेत, माझे १४०० च्या आसपास. म्हणजे आतलं वाइंडिंग चांगलं आहे. मग मीटर लावून ठेवून कनेक्टरच्या मागच्या वायरी हलवल्या आणि आकडा गायब, हलवल्या की परत हजर. सापडला चोर, निदान एक तरी.

सेन्सर एका बोल्टवर असतो. बोल्टला आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं, निघाला. सेन्सर मात्र हाऊसिंगला चिकटून बसलेला, ओढून वर घेतला की प्लॅस्टिकची मान तुटते आणि खालचा तुकडा आत राहतो, म्हणून आधी गोल गोल फिरवत सुटा केला आणि मगच वर काढला. काढायच्या आधी आजूबाजूची माती ब्रशने साफ करा हां, नाहीतर ती सरळ क्राऊनवर पडते.

टोकाला चुंबक असल्यामुळे लोखंडाचा काळा लगदा दाढीसारखा चिकटलेला. एवढ्या जुन्या हाऊसिंगमध्ये बारीक पीठ निघणं नॉर्मल आहे, बोटावर घासून बघितलं, कुठे तुकडा किंवा कण टोचत नाहीये, म्हणजे क्राऊन-पिनियन खात नाहीये. भोकातून टॉर्च मारून रिंगचे दाते पण बघितले, चाक हळूहळू फिरवत, सगळे शाबूत.

नवीन सेन्सर आणि वायरीच्या शेपटीसकट नवीन कनेक्टर मागवला. सेन्सर जुना चालला असता खरंतर, पण इतकं खोलल्यावर त्या किमतीत जुना परत बसवायचा म्हणजे कंजूसपणा.

एक गोष्ट डोक्यात राहिली. भोकातून बोट घातलं तर तेल हाताला फार खाली लागलं. हाऊसिंगमध्ये तेल कमी आहे. खाली जमिनीवर तर थेंब नाही, मग तेल गेलं कुठं?

२३ ऑक्टोबर, सोमवार, खंडेनवमी

संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर टूलबॉक्स पुसून हळद-कुंकू वाहिलं, टॉर्क रेंचला फूल. बायको म्हणाली आता पूजा केलीस तर आजच्या दिवस हत्यारं उचलू नको. उचलली नाहीत, पण ड्रम काल रात्रीच काढून ठेवला होता त्यामुळे बघायला काय हरकत आहे म्हणून बघितलं.

तेल तिथं गेलंय. ड्रायव्हर साइडचं, म्हणजे इथं डावीकडचं, मागचं लायनर अख्खं हाऊसिंगच्या तेलानं भिजलंय. वासावरूनच कळतं, ब्रेक ऑइलला असा गंधकाचा वास येत नाही. व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघितलं, कोरडं. म्हणजे एक्सलचं ऑइल सील गेलंय. थंड असताना चाक धरतं ते ह्याच्यामुळेच, तेलकट लायनर घसरेल असं वाटतं पण प्रत्यक्षात तेल आणि ब्रेकची धूळ मिळून चिकट होते आणि पहिल्या ब्रेकला ते गचकन धरतं, गरम झालं की मग घसरतं.

कराडला मामांना फोटो पाठवला. मामांनी आयुष्यभर जीप आणि ट्रॅक्स दुरुस्त केल्यात, फोर्ड कधी हातात घेतलेली नाही. फोन आला.

“आरं लेका, सील बदलशील, चार महिन्यानं परत गळंल. आधी ब्रीदर बघितलास का?”

“नाही बघितला मामा, अजून सील काढायचंय.”

“मग बघ की. हाऊसिंग तापतंय, आतली हवा फुगती. तिला वर वाट नसली तर ती सीलातनंच वाट काढणार, अन् जाताना तेल घिऊन जाणार. तुमच्या अमेरिकेत काय हवा येगळी फुगती व्हय?”

२८ ऑक्टोबर, शनिवार

हवा वेगळी फुगत नाही. ब्रीदर बंद होता, ठार बंद.

या एक्सलवर ब्रीदर शोधायला पण अक्कल लागते, कारण तो वेगळा दिसतच नाही. मागच्या ब्रेकचा रबरी पाइप एक्सलवर येऊन एका छोट्या ठोकळ्यात डावी-उजवी वाटला जातो, तो ठोकळा ज्या बोल्टने एक्सलच्या नळीवर धरलाय तो बोल्टच आतून पोकळ आहे आणि तोच ब्रीदर. मिठानं आणि मातीनं त्याचं तोंड बुजलेलं. काढला, बारीक तार घालून साफ केला, कॉम्प्रेसरनं फुंकला, आणि त्याला एक रबरी नळी जोडून ती वर फ्रेमवर नेऊन बांधली, म्हणजे पाण्यात किंवा बर्फात गाडी गेली तरी तोंड वर राहील. मामांना व्हिडिओ पाठवला, अंगठा आला फक्त.

आता सील. हा फोर्डचा ८.८ इंचाचा एक्सल, यात एक्सल बाहेरच्या बाजूने बोल्टवर धरलेला नसतो, आतल्या टोकाला सी आकाराची एक क्लिप असते. म्हणजे बाहेरचं एक सील बदलायला मागचं झाकण उघडून अख्खं तेल काढायचं. दहा बोल्ट, त्यातले खालचे गंजलेले. तेल काळं निघालं आणि साधारण दीड लिटरच, असायला पाहिजे अडीचच्या वर.

आत गेल्यावर खरी भीती असते ती एका छोट्या बोल्टची. मधल्या छोट्या गिअरांची जी आडवी पिन असते तिला अडकवणारा एक बारीक लांब लॉक बोल्ट आहे, त्याला फॅक्टरीतूनच चिकटवायचं औषध लावलेलं असतं, आणि हा तुटण्यासाठी प्रसिद्ध आहे. तुटला तर ड्रिल करून काढा नाहीतर अख्खं डिफरेन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारे मधले गिअर) बाहेर. म्हणून घाई नाही केली. हीट गनने चांगला गरम केला म्हणजे ते औषध मऊ पडतं, सहा कोनीच गोटी वापरली (बारा कोनी इथं अजिबात नको), आणि झटका न देता एकसारखा जोर. कटकट करत सुटला. शेजारचे म्हातारबाबा बघायला येऊन उभे होते, जन्म सगळा इथल्या गाड्यांच्या कारखान्यात गेलेला माणूस, त्यांनी पण श्वास सोडला.

पिन काढल्यावर चाक फिरवायचं नाही, छोटे गिअर घसरून बाहेर येतात आणि मग ते परत जुळवत बसा. एक्सल आत ढकलायचा, क्लिप पडते, एक्सल बाहेर ओढायचा.

इथं एक बघण्यासारखं आहे. या एक्सलला बेअरिंगची आतली रिंग नसते, बेअरिंगचे रोलर थेट एक्सलच्या अंगावरच फिरतात. त्यामुळे तिथं खाच पडते का ते नखाने तपासायचं. माझ्या डाव्या एक्सलवर बेअरिंगच्या जागी हलकी चमक आहे पण नख अडकत नाही. सीलच्या जागी मात्र एक बारीक रेघ लागतेय. खाच खोल असती तर बाजारात एक रिपेअर बेअरिंग मिळतं, ते सीलला थोडं वेगळ्या जागेवर बसवतं म्हणजे सीलची ओठ न झिजलेल्या भागावर येते. मला त्याची गरज पडली नाही, नवीन बेअरिंग, नवीन सील, सील जरासं कमी आत ठोकलं म्हणजे जुन्या रेघेवर बसणार नाही. दोन्ही बाजूंना केलं, उजवीकडचं अजून गळत नव्हतं तरी. लॉक बोल्ट नवीनच घातला, जुना कितीही चांगला दिसला तरी परत वापरायचा नाही.

दसऱ्याची झेंडूची माळ अजून ग्रिलवर आहे, सुकलीये, बायको काढू देत नाही.

४ नोव्हेंबर, शनिवार

ब्रेकचा दिवस. तेल प्यायलेलं लायनर धुवून वापरता येत नाही, कितीही क्लीनर मारा, गरम झालं की आतून परत तेल सुटतं. त्यामुळे दोन्ही बाजूंची लायनर नवीन, एका बाजूची नवीन आणि दुसरीकडची जुनी असं केलं तर गाडी ओढणार. ड्रम ११ इंची आहेत, आतली कड हाताला लागत होती म्हणून मशीनवर हलकेच कापून आणले, ड्रमवर जास्तीत जास्त किती माप चालतं ते कोरलेलं असतं, त्याच्या बरंच आत आहे. स्प्रिंगांचा सेट नवीन. अ‍ॅडजस्टरचा डाव्या-उजव्या आट्यांचा फरक असतो, अदलाबदल झाली तर ते आपोआप घट्ट व्हायच्या ऐवजी सैल होत जातं.

खरं काम निघालं ते पाइपमध्ये. ब्रीदरचा ठोकळा हलवताना मागची लोखंडी ब्रेक लाइन जवळून बघितली, फ्रेमच्या आतल्या बाजूला एका क्लिपखाली ती फुगलेली, नखाने खरवडलं तर पापुद्रे निघतात. अशी लाइन पॅनिक ब्रेकलाच फुटते, म्हणजे नेमकी नको तेव्हा. पुढून मागेपर्यंत सगळी काढून टाकली आणि तांबं-निकेलची घातली. ही गंजत नाही आणि हाताने वाकते, त्यामुळे फ्रेमच्या वळणावळणाने नेता येते. टोकं डबल फ्लेअर करायची (दुहेरी दुमडून पसरवायची), सिंगल फ्लेअर ब्रेकच्या प्रेशरला चालत नाही, चिरते.

ब्रेक लाइनमधली एअर काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, इथं उजवं मागचं, मग डावं मागचं, मग उजवं पुढचं, डावं पुढचं. बायको पेडलवर. “दाब, धरून ठेव, सोड” असं ओरडत पाऊण तास गेला, मग तिने विचारलं हे सगळं यूट्यूबवर एकट्याने करायचं मशीन दाखवतात ते का घेत नाहीस. बरोबर आहे तिचं. पेडल आता वर आणि दगडासारखं कडक.

सेन्सर बसवला, नवीन ओ रिंगला तेल लावून. कनेक्टरच्या वायरी सोल्डर करून वरून चिकट आतलं हीट श्रिंक, आणि आत डायइलेक्ट्रिक ग्रीस, नाहीतर मीठ परत आपलं काम करणार. हाऊसिंगला नवीन तेल, तेल भरायच्या भोकाच्या काठापर्यंत.

१८ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीत गाडी जॅकवरच होती, आज मोकळ्या रस्त्यावर नेली. काटा स्थिर, ओडोमीटर चालू, क्रूझ लागलं, पिवळा दिवा चालू करताना येतो आणि जातो, जसा जायला पाहिजे. पेडल थरथरत नाही. रिकाम्या पार्किंगमध्ये ओल्या भागावर जोरात ब्रेक मारून बघितला, तेव्हा मात्र थरथरलं आणि मागची चाकं सरकली नाहीत. हीच थरथर आता खरी.

एक उरलं. काटा ६० दाखवतो तेव्हा जीपीएस ६३-६४ म्हणतं. कारण साधं आहे, कुणीतरी ३१ इंची टायर घातलेत आणि मीटर कंपनीच्या लहान २३५/७५ टायरवर बसवलेलं आहे, ज्याची उंची २९ इंचाच्या आतच. या मीटरमध्ये बटणं दाबून तो आकडा बदलता येतो, पण तो मोजून सहाच वेळा बदलू देतो, मग कायमचा अडकतो. आधीच्या मालकाने भंगारातून आणलेल्या या मीटरवर आधी कोणी किती वेळा खेळलंय देव जाणे. टायर पुढच्या वर्षी बदलायचेच आहेत, तोपर्यंत हात लावत नाही, पोलिसासमोरून जाताना डोक्यात चार मिळवायचे.

२५ नोव्हेंबर, शनिवार

फोर व्हील. हा रोग मागच्या एक्सलशी संबंधित नाही, उगाच सगळं एका खुंटीला टांगायला नको.

खडीच्या रस्त्यावर लिव्हर फोर हायला (फोर व्हील, नेहमीच्या स्पीडसाठी) टाकून थोडी पुढे घेतली, बायकोने चालवली आणि मी बाजूने वाकून बघत चाललो. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट फिरतोय. म्हणजे ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांकडे ताकद वाटून देणारा गिअरबॉक्स) काम करतंय, त्याची साखळी, लिव्हर सगळं ठीक, दिवा लागतो तो पण खरा. तसंच थांबवून, लिव्हरला हात न लावता पुढचं जॅकवर घेतलं आणि चाकं हाताने फिरवली. उजवं चाक फिरतं पण त्याच्या आतला एक्सल शाफ्ट जागच्या जागी. उजवा हब, म्हणजे चाक शाफ्टला जोडणारा भाग, लॉकच होत नाहीये.

आणि इथं लोक फसतात, त्यांना वाटतं एक हब गेला तर निदान दुसरं चाक तरी ओढेल. ओढत नाही. पुढचं डिफरेन्शियल साधं ओपन आहे, जिकडे अडथळा कमी तिकडे सगळं फिरणं जातं. उजवा शाफ्ट हवेत मोकळा फिरणार आणि डावीकडे शून्य.

हब ऑटोमॅटिक आहेत, म्हणजे शाफ्ट फिरला की आतला कॅम सरकून स्वतः लॉक होतो, आणि सोडवायला टू व्हीलला टाकून थोडी रिव्हर्स घ्यावी लागते. उघडला तर आतलं ग्रीस थंडीत घट्ट झालेल्या काकवीसारखं, कॅम सरकायला जागाच नाही, आणि एक स्प्रिंग तुटून दोन तुकडे. साफ करून स्प्रिंग मिळाली तर चालला असता, पण माझं मत आधीपासून ऑटो हबच्या विरोधात आहे. मॅन्युअल हब घातले, ज्याचा गोल डायल चाकाच्या मधोमध हाताने फिरवायचा. थंडीत खाली उतरावं लागतं हे खरं, पण डायल लॉकवर असला की लॉक असतो, अंदाज नाही. या बदलासाठी आतले स्पिंडल नट पण बदलावे लागतात, किट घेताना ते बघून घ्या, आणि नटसाठी खाचांचा खास गोटी पाना लागतो, छिन्नी-हातोड्याने ठोकणारे असतात, त्यांचे बेअरिंग कसे टिकतात ते त्यांनाच माहीत. नट खोललेच होते म्हणून पुढच्या चाकांची बेअरिंग धुवून नवीन ग्रीस भरलं.

१३ जानेवारी, शनिवार

काल रात्रीपासून बर्फ, लेक मिशिगनवरून वारा. सकाळी ड्राइव्हवेवर बर्फ गुडघ्याच्या जरा खालपर्यंत. हब लॉक, फोर हाय, पहिला गिअर. पुढची दोन्ही चाकं बर्फ चावत बाहेर पडली. शेजारच्या म्हातारबाबांची गाडी त्यांच्या दारात अडकलेली, ती पट्ट्याने ओढून काढली, त्यांनी कॉफी दिली आणि हबचे डायल वाकून बघत म्हणाले की हेच बरे.

परत आल्यावर पार्किंगचा कोरडा डांबराचा तुकडा आला की लगेच टू व्हील, कोरड्यावर फोर व्हीलमध्ये वळलं की सगळं आवळतं, स्टिअरिंगवर कळतं. मागच्या ड्रमच्या आतल्या बाजूला हात फिरवला, कोरडं. हाऊसिंगचं तेल भरायच्या भोकापाशी बघितलं, जिथं भरलं होतं तिथंच.

आता मागच्या डिझेलच्या, सॉरी, पेट्रोलच्या दुसऱ्या टाकीवर टाकलं की इंजिन खोकतंय. तो पंप, रिले का स्विच ते पुढच्या आठवड्यात, आधी मीटर लावून.